चादरीचं दुसरं टोक

ती. वन्संना,

धाकट्या वहिनीचा वाकून नमस्कार, आणि भावोजींनाही तितकाच, फक्त थोडा लांबून (त्यांना नमस्कार केला की ते आशीर्वादाऐवजी सल्ला देतात).

तुमचे कान कसे आहेत? मागच्या पत्रात लिहिलं होतंत की डाव्या कानात शिट्टी वाजते आणि उजव्यात काहीच वाजत नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेले थेंब नेमके कुठल्या कानात घालता, ते एकदा बघून घ्या. भावोजींची साखर उतरली, की त्यांनी मोजायचं यंत्रच पुन्हा कपाटावर लपवलं? माझं ठीक चाललंय. गुडघा आहे, हॉस्पिटलची लॉन्ड्री आहे, वाचनालयाचं पुस्तक आहे. जेवायला घेताना अजून कधीतरी एक ताट जास्त काढलं जातं. परत ठेवते. बाकी तक्रार नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि जे सांगायचंय ते आख्ख्या इमारतीला ऐकवण्यासारखं नाही. म्हणून पत्र. बसून वाचा. पाण्याचा तांब्या जवळ घेऊन वाचा.

तर, मी तो कार्यक्रम पाहिला. नाच म्हणायचं की नाही ते पुढे ठरवू. तुम्हां मायलेकींचं भांडण मला सगळं ठाऊक आहे, कारण अर्धं माझ्याच स्वयंपाकघरात झालं. भिंगरी शिकायला म्हणून माझ्याकडे आली, शिकली, नोकरीला लागली, आणि तुम्हाला न विचारता नोकरी सोडून त्या नाचाच्या मंडळीत गेली. (भिंगरी हे नाव तिला तुम्हीच ठेवलंत. आता गरगर फिरते म्हणून रागावून कसं चालेल?) तुम्ही म्हणालात घरी ये, भावोजींच्या मित्राने त्यांच्या ऑफिसात तुझ्यासाठी टेबल धरून ठेवलंय. ती म्हणाली, येणार नाही. शेवटी तुमचं दोघींचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं ते असं, की मामीने जाऊन बघायचं आणि मामी म्हणेल ते दोघींनी ऐकायचं. मामीला कुणी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या मुलीचं पुढचं आयुष्य माझ्या एका संध्याकाळवर ठेवून तुम्ही दोघी मोकळ्या झालात. म्हणून मी न्यायाधीश होऊन गेले. परत कशी आले ते आता वाचा.

सोबत आमच्या लॉन्ड्रीतली रेडिओ होती. (नाव वेगळं आहे, पण एकदा लागली की बंद होत नाही म्हणून रेडिओ.) मी इस्त्रीचे कपडे घातले होते, तिने अत्तर लावलं होतं. नाट्यगृह असेल, पडदा असेल, मध्यंतरात चहा मिळेल, असा आमचा हिशेब. पत्त्यावर पोचलो तर बसगाड्या दुरुस्त करायची जुनी शेड. ऑइलचा वास अजून तसाच, आणि भिंतीवर ‘हॉर्न तपासा’ असं लिहिलेलं. दाराशी एक मुलगी उभी होती, अर्धं डोकं भादरलेलं आणि अर्ध्यावर कमरेपर्यंत केस. मला वाटलं मधेच कुणीतरी बोलावलं असेल बिचारीला. तिने आमच्या हातात एकेक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘हे सादरीकरण सुरू होत नाही, ते आढळतं. शरीर म्हणजे उत्तर नसलेला दरवाजा.’

वन्सं, मी शाळेत फार दिवस गेले नाही, पण ह्यांनी वाचनाची गोडी लावल्यापासून मी अवघड पुस्तकाला भीत नाही. शब्द अडला तर शब्दकोश काढते, वाक्य अडलं तर पुन्हा वाचते, पानच अडलं तर उठून चहा करते. इथे एकही शब्द अडला नाही. घरातली सगळी माणसं ओळखीची आणि घर मात्र भलत्याचंच, असं झालं. मी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. रेडिओ म्हणाली, “दरवाज्याला उत्तर कशाला हवं? कडी हवी.”

आत खुर्च्या नव्हत्या. एकही नाही. मी विचारलं कुठे बसायचं, तर ती अर्ध्या डोक्याची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, “तुमचं शरीर सांगेल तिथे.” मी म्हटलं, “माझं शरीर खुर्ची सांगतंय.” ती गोंधळली. मग कुणीतरी रंगाचा रिकामा डबा उपडा करून दिला आणि त्यावर मी न्यायासन मांडलं. रेडिओ खाली बसली आणि शेजारच्या मुलीला आपल्या जावयाची कथा सांगू लागली. मुलगी चांगली होती, मन लावून ऐकत होती.

मध्ये मोकळ्या जागेत एक माणूस केर काढत होता. विटका बनियन, जुनी विजार, हात मात्र फारच सावकाश. लोक बसलेत, वेळ होऊन गेली, आणि ह्याचा केर संपेना. मला कामातला आळस बघवत नाही, हे तुम्ही जाणता. मी म्हटलं, “अहो, त्या खांबामागे राहिलंय.” त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खरंच खांबामागे गेला आणि तिथला केर काढला. मला बरं वाटलं, हल्ली सांगितलेलं ऐकतं कोण! तो परत आला, झाडू नीट खाली ठेवला आणि धाडकन तोंडावर पडला.

मी डब्यावरून उठलेच. रेडिओ किंचाळली, “अगं, तू कशाला बोललीस त्याला! जीव गेला ना त्याचा!” आणि पिशवीतली बाटली काढून ती पाणी मारायला धावणार, तोच पुढे बसलेले एक दाढीवाले गृहस्थ मागे वळून म्हणाले, “शूऽऽ. सुरू झालंय.” काय सुरू झालंय म्हणून विचारलं, तर म्हणे कार्यक्रम. पहिला धक्का हा, की केर काढणारा तो त्यांचा मुख्य नर्तक होता. दुसरा लगेच पाठोपाठ. जावयाची कथा ऐकणारी ती चांगली मुलगी कथा अर्ध्यावर टाकून उठली, चार पावलं गेली आणि तीही पडली. मग पलीकडचा एक. मग दाराशी उभी असलेली ती अर्ध्या डोक्याची. आमच्यात बसलेली माणसं उठत होती, आणि पिकलेली फळं गळावीत तशी टपाटप पडत होती. मी रेडिओचा दंड घट्ट धरला, न जाणो हिलाही आतून काही वाटू लागलं तर! रेडिओ एक अक्षर बोलत नव्हती. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच बंद पडलेली पाहिली तिला.

मग त्यांनी पडल्यापडल्याच वरचे कपडे उतरवले. थांबा, तांब्या राहू द्या, आत कपडे होते. पण ते अंगाच्याच रंगाचे आणि अंगालाच चिकटलेले, आणि दिवे असे मंद, की आत कपडे आहेत हे कळेपर्यंत माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी डोळे मिटले. मग वाटलं, न्यायाधीशाने डोळे मिटून निकाल कसा द्यायचा? म्हणून एक उघडला. त्या एका डोळ्याने जे पाहिलं ते लिहिते. एकजण दुसऱ्याच्या पाठीवरून घरंगळत होता. एकजण भिंतीला कान लावून उभा होता, जणू पलीकडे त्याच्याबद्दल कुणी बोलतंय. दोघं एकमेकांना ढकलत होते आणि पडणाऱ्याला पुन्हा स्वतःच उचलत होते (हे मला जरा कळलं, आमच्या शेजाऱ्यांचंही असंच आहे). गाणं नाही, बाजा नाही. नुसते श्वास आणि आपटल्याचे आवाज.

आणि आपली भिंगरी? ती आली ती उलटी. तिघांनी तिला डोकं खाली, पाय वर असं धरून आणलं. मी तोंडाआधी पाय ओळखले. अंगठ्याशेजारचं बोट लांब, तुमच्या माहेरचं बोट, ह्यांचंही तसंच होतं. तिघांनी तिला वर फेकलं आणि झेललं. पुन्हा फेकलं. झेलतात, हे तुमच्या काळजीसाठी लिहिते. पण ज्या लेकराला मी सर्दी झाली तर पंख्याखाली बसू देत नाही, त्याला तीन परके बाप्ये गोणीसारखे फेकत होते आणि दाढीवाले गृहस्थ “वा” म्हणत होते. तेव्हाच निकाल मनात लिहून झाला होता. वन्सं, या आणि घेऊन जा, एवढाच. तुमच्यापासून काय लपवायचं.

तेवढ्यात आवाज सुरू झाला. कुठून तरी घर्रर्र, मग खडखड, मग थांबून एक लांब हुंकार, पुन्हा घर्रर्र. रेडिओ एकदम चालू झाली, “अगं, हे आपलं कोपऱ्यातलं मशीन!” खरंच आमचं मशीन. त्याचं बेअरिंग गेलंय आणि कुणी दुरुस्त करत नाही, तो हुंकार जगात दुसऱ्या कुठल्याही मशीनचा नाही. भिंगरी मधे मला डबा द्यायला लॉन्ड्रीत यायची आणि उगाच रेंगाळायची, ते ह्या मशीनचा आवाज भरून घ्यायला, हे तिथे कळलं. सगळे आमच्याकडे बघून शूऽऽ करू लागले. आता आपल्याच मशीनला ओळख दाखवायची नाही म्हणजे काय?

आता इथून पुढचं नीट वाचा, कारण ह्यात माझा दोष किती आणि सवयीचा किती ते तुम्हीच ठरवायचंय. आमच्या लॉन्ड्रीत मशीनं चालू असली की हाक मारून उपयोग नसतो, काही ऐकू जात नाही. म्हणून रीत अशी आहे, की जिला चादर घडी करायचीय तिने दोन कोपरे धरून नुसतं उभं राहायचं. जी मोकळी असेल तिने न बोलता जाऊन दुसरं टोक धरायचं. बोलवायचं नाही, विचारायचं नाही. आणि चादर जमिनीला टेकली की पुन्हा धुवायला. इतकी वर्षं हे करून आता माझं डोकं त्यात नसतंच, पायच जातात.

तर मशीनचा आवाज चालू आहे, आणि भिंगरी मध्ये येऊन उभी राहिली. हातात मोठी पांढरी चादर. दोन कोपरे धरलेले, हात पसरलेले. दुसरं टोक समोर लांबवर जमिनीवर लोळतंय, त्या ऑइलच्या जमिनीवर. बाकीचे सगळे दूर सरकले. कुणी टोक धरेना. ती नुसती उभी. मी इकडेतिकडे पाहिलं. एवढे धडधाकट लोक, आत्ता फेकाफेकी करत होते, आणि एकाला उठून टोक धरवेना! तिने हात जवळ आणले, पुन्हा पसरले, एक पाऊल पुढे आली आणि थांबली, समोर माणूस असावा तशी. माझ्या मनात आलं, जो यायचा होता तो आला नाही, आणि ही पोर सगळ्यांसमोर एकटी अडकलीय.

वन्सं, मी उठले. गुडघ्याने कुरकुर केली, पण उठले. चालत मध्ये गेले आणि दुसरं टोक उचललं.

भिंगरीचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ओठ न हलवता ती म्हणाली, “मामी, खाली बस.” मी म्हटलं, “टोक टेकतंय.” ती म्हणाली, “टेकायचंच आहे. सोड.” मी म्हटलं, “ताण आधी.” आणि ताणली. ताणल्यावर तिला काय करता येणार? आमच्या घरात वाढलेली पोर, तिचेही हात चालू लागले. लांबीत दुमडली, झटकली, पुन्हा दुमडली, मी चालत तिच्याकडे गेले, कोपऱ्याला कोपरा दिला, घडी केली, वरून तळवा फिरवला आणि चादर काखेत घेऊन कपाट शोधू लागले. कपाट नव्हतं. तो केर काढणारा जवळ उभा होता, त्याच्या हातात ठेवली. आणि कपडे झटकून डब्यावर येऊन बसले.

कुणी हलेना. मग दाढीवाल्यांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली, आणि दिवे लागले. मला वाटलं संपलं. नंतर कळलं की कार्यक्रमाचा पुढचा अर्धा भाग त्या पसरलेल्या चादरीवर होता. तिच्यावर ते लोळणार होते, तिच्याखाली जाणार होते, शेवटी नुसती चादरच उरणार होती. अर्धा कार्यक्रम मी घडी करून एका माणसाच्या हातात दिला होता. दाढीवाले येऊन माझ्याशी फार आदराने बोलले. आपण शरीराबरोबर किती वर्षं काम करताय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जन्मल्यापासून. ते लिहून घेऊ लागले तशी मी तिथून पळाले.

मागच्या खोलीत टायरांच्या ढिगावर भिंगरी बसली होती. चेहरा पुसत होती, पण पुसला जात नव्हता, कारण रडत होती. मी तयारीनेच गेले होते, की आधी मी रागावेन, लोकांकडून काय फेकून घेतेस म्हणून. तिने मला तोंडच उघडू दिलं नाही. म्हणाली, “ते टोक कुणी धरायचं नव्हतं, मामी. तोच नाच होता.” मी म्हटलं, “असला कसला नाच, ज्यात पोरीला एकटीला उभं करायचं?” ती म्हणाली, “मामा गेल्यापासून तू घरची चादर हनुवटीखाली दाबून एकटी घडी करतेस. मी दर वेळी येऊन म्हणते, मामी, दे इकडचं टोक. तू म्हणतेस, राहू दे, मला जमतं. एकदा तरी दिलंस? आणि आज शंभर माणसांसमोर तूच येऊन...”

माझ्या घरातली गोष्ट, माझी हनुवटी, ह्यांची रिकामी जागा, सगळं त्या शेडमध्ये परक्या लोकांसमोर मांडलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. वन्सं, ते पडणं, ते कपडे, ती फेकाफेकी, सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. राग यायला हवा होता. मी तो शोधत होते, सापडेना. टायरावर तिच्या शेजारी बसले. रेडिओ दारातून डोकावली आणि काही न बोलता बाहेर जाऊन उभी राहिली, म्हणजे बघा. बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसून घरी आलो.

झालं ते असं. तुम्ही म्हणाल, एवढं लांबण लावलंस, निकाल कुठाय? निकाल मला देता येत नाही. जो न्यायाधीश आसनावरून उठून आरोपीच्या हातातली चादर घडी करून देतो, त्याचा निकाल कुठल्या कोर्टात चालतो? मी आता ह्या प्रकरणात पक्षकार झालेय. तेव्हा मला मोकळी करा. कान जपा. भावोजींना सांगा, यंत्र कपाटावर ठेवल्याने साखर खाली येत नाही.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. वाचून तुम्ही पहिली गाडी पकडाल हे मला ठाऊक आहे. पकडाच. फक्त बॅग तुमच्या एकटीच्या कपड्यांची आणा, तिचे कपडे भरून न्यायला रिकामी मोठी बॅग आणू नका. आणि भावोजींच्या मित्राने ते टेबल कुणा गरजू मुलीला देऊन टाकावं. मी काही निकाल देत नाहीये. पण चांगलं टेबल उगाच अडवून ठेवणं बरं नव्हे.

ता. क. २. रविवारी घरच्या चादरी धुतल्या. भिंगरी माझ्याशी बोलत नव्हती, आतल्या खोलीत पाय भिंतीला लावून उलटी पडली होती. मी चादर धरून तिच्या दारात नुसती उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. मग ती उठली आणि तिने टोक धरलं. आणि दुमडताना मुद्दाम उलटीकडे वळवली, तुमचा भाऊ वळवायचा तशी, की सगळी पिळून जावी. मी ओरडले, त्यांच्यावर ओरडायचे तश्शीच. त्या एका पिळावर आम्ही दोघी किती वेळ हसलो आणि मग काय केलं, ते लिहीत नाही.

ता. क. ३. पुढच्या शनिवारी त्यांचा तो कार्यक्रम पुन्हा आहे, आणि मंडळींनी मला फार नम्रपणे कळवलंय की मामींनी जरूर यावं पण मागे बसावं. तुमची जागा माझ्याशेजारी धरलीय. तुम्हाला ऐकू येत नाही त्याचं तिथे काही अडत नाही. पडतील, लोळतील, तिला फेकतील, तेव्हा घाबरू नका, माझा हात धरा. मग ती चादर घेऊन मध्ये येईल, आणि समोरचं टोक कुणी धरणार नाही. तेव्हा तुम्हाला उठावंसं वाटेल. वन्सं, तुम्ही त्यांची थोरली बहीण, तुम्हाला माझ्याहून जास्त वाटेल. उठू नका. दोघी मिळून बसून राहू. मला एकटीला ते जमायचं नाही.